पोटाशी धरलेला चेंडू

कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची मॅच ऐन रंगात होती. प्रेक्षकांच्या लोखंडी पायऱ्यांखाली, सॉसेजच्या रांगेत मर्ना माझ्यापुढे उभी होती. तेवढ्यात तिचा नवरा डेलबर्ट धुसफुसत खाली आला.

"तू कशाला आलास? मी आणलं असतं की."

"तिथे बसून काय बघू? चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्या टीमच्या भिंतीत डोकं घालायचं. तीनदा आपटलं, की लाथ मारून चेंडू त्यांनाच देऊन टाकायचा!"

"कोच जपून खेळतो, एवढंच."

"जपून? त्याला मका पेरायला सांग. उगवणार नाही म्हणून बी खिशातच ठेवेल!"

"आणि लांब फेकलेला चेंडू त्यांनी झेलला तर?"

"झेलू दे! एकदा फेक तर म्हणावं. मरायच्या आधी बघू दे मला."

"डेलबर्ट, ऐक."

"काय? काहीच ऐकू येत नाहीये."

"तेच तर. वर बघ, पायऱ्यांच्या फटीतून. सगळ्यांच्या टाचा उचलल्यात."

"म्हणजे... फेकला?"

डेलबर्टने टोपी काढून छातीशी धरली.

"झेलला का गं आपल्या टीमच्या पोरानं?"

"गप्प. अजून हवेतच आहे."