रिकाम्या खोलीला आलेलं बोलावणं

गिटार दुरुस्तीच्या दुकानात माझ्याशेजारी एक गाणारा आणि त्याची मोठी बहीण बसली होती.

“ताई, एका कंपनीचा मेल आलाय. माझा अल्बम काढतो म्हणतात.”

“तू काही पाठवलं होतंस त्यांना?”

“छे. त्यांनीच मला शोधलं. ‘तुमच्या आवाजातली वेदना काळजाला भिडली’ म्हणे.”

“कुठल्या गाण्यातली?”

“ते गाणं नाहीये. रेकॉर्डिंगआधी मी रिकाम्या खोलीचा आवाज घेऊन ठेवतो ना, नंतर गाण्यातून पुसून टाकायला? चुकून तीच फाइल नेटवर चढवली.”

“म्हणजे नुसता पंखा?”

“पंखा. आणि मध्ये एकदा फ्रिज चालू होतो.”

“अरे, मग न ऐकताच गावभर पाठवत असतील हे. सही करू नकोस.”

“करारात लिहिलंय, सही केली की आतापर्यंतची सगळी गाणी कायमची त्यांची.”

“वेड लागलंय का? जिवाचं रान केलंस त्या गाण्यांसाठी.”

“ऐकतंय कोण पण?”

“मी ऐकते की. एकूण एक.”

“हो ना. त्या फाइलखालीसुद्धा तू लिहिलंयस, ‘अप्रतिम, डोळ्यांत पाणी आलं.’”

गिटारवाल्याने एक तार ताणली, पुन्हा सैल सोडली.

“दाखव,” ताई म्हणाली, “सही कुठे करायची ते.”