वॉटर पार्कातलं हॉटेल

आमच्या बोरिवलीचा संदेश गोराईकडच्या वॉटर पार्कचा एवढा वेडा, की त्याने तसल्याच वेड्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढलाय. परवा ग्रुपवर फोटो आला: पार्कात पत्रे ठोकलेले, पुढे भटजी आणि नारळ. संदेश धावत माझ्या दुकानात.

"शेठ, भूमिपूजन झालं! हॉटेल येतंय!"

माझं दुकान पडद्यांचं. दुसरा कोणी पोचायच्या आत मी नमुने घेऊन मॅनेजरसमोर हजर.

"हॉटेल कसलं? कपडे बदलायच्या खोल्या बांधतोय. नारळ काय, आम्ही नव्या पंपालाही फोडतो."

"बरं, खोल्यांना दारं लावणार की पडदे?"

ऑर्डर घेऊनच निघालो. संदेशला फोन लावला. "पडद्यांची ऑर्डर मिळाली रे," एवढंच बोललो, तर पठ्ठ्याने फोनच ठेवला. लगेच ग्रुपवर मेसेज: "पडदेही ठरले! आता फक्त किती मजली ते सांगा!"