डाव्या हातातला टॉवेल

— बोर्ग म्हणता? बसा ना, उभे का. बाक ओला नाही, सकाळीच पुसलाय. बोर्ग वाईट नाही. पण त्याचं नाव घेतलंत की मला आमचा कोनो आठवतो. कोनो म्हणजे ते कोपऱ्यावरचं दारूचं दुकान, आता बंद असतं ते, त्याचा मालक. गिरणीची पाळी सुटली की आम्ही तिथे पिंपाला टेकून उभ्यानं एकेक पेला घ्यायचो, आणि रोज हाच वाद — टेनिसमध्ये टप्पा पडल्यावर चेंडू मारावा तो कुणी? जगात सगळ्यात चांगला कोण? चाळीस वर्षं, बरं का. तो म्हणायचा बोर्ग, मी म्हणायचो रोझवॉल. तो म्हणायचा, "शिगे, तुझा रोझवॉल टोफू कापतो, माझा बोर्ग लाकूड फोडतो." मी म्हणायचो, "टोफू न मोडता कापून दाखव आधी." पुढे ग्राफ आली, आगासी आला, नादाल आला — माणसं बदलली, वाद तोच राहिला. फोरहँडवर आमचं पटायचं हो. ग्राफचा फोरहँड, नादालचा फोरहँड, त्यात वाद कसला? घोडं अडायचं ते बॅकहँडवर. एक हात की दोन. मी एका हाताचा. दोन हातांनी तर धुणंही बडवता येतं, असं मी म्हणायचो, आणि दुकानातली माणसं हसायची. ती हसली की मला बरं वाटायचं. मी शाळेत फार गेलो नाही — आमच्या इमाबारीत तेव्हा चौदा-पंधराव्या वर्षी पोरं टॉवेलच्या मागावर उभी राहायची — तर माझं बोलणं लोक ऐकतात ते ह्या एकाच विषयावर. हे कळायला मला फार वर्षं लागली.

हां, तुमची मुलगी. बघतोय मी, बघतोय. पाय चांगले आहेत. चेंडू वर येईपर्यंत थांबते, घाई करत नाही. चहा घ्या, थर्मासात आहे. तो भेटीचा खोका मात्र राहू द्या तिकडेच, कापडाची गाठ सोडू नका, आधी ऐका.

तो फोटो तुम्ही नगरपालिकेत बघितलात, म्हणून आलात ना? मुलीच्या हातात ढाल, शेजारी मी, टोपी घातलेला. ती कानाए. माझी मुलगी. जिल्ह्याची विजेती, हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला. लोक फोटो बघतात आणि म्हणतात, ओचीसाननी, म्हणजे मी, घडवली. घडवली खरी. म्हणजे कशी, तेच सांगतो. आम्ही गिरणीच्या संघात खेळायचो ते रबरी चेंडूचं टेनिस — तुम्हीही शाळेत खेळला असाल, सगळेच खेळतात. तो चेंडू म्हणजे काय, फुगाच. त्यात फोरहँड रॅकेटच्या ज्या तोंडानं, बॅकहँडही त्याच तोंडानं — मनगट असं उलटं वळवायचं. मला तेवढंच येतं. मी त्यात बरा होतो. तर एकदा कोनो सगळ्यांसमोर म्हणाला, बोलून काय होतं शिगे, दाखव की. कानाए नऊ वर्षांची होती. मी दुसऱ्या दिवशी तिला रंगखात्याच्या भिंतीपाशी नेलं. रबरी चेंडू नाही, मोठा, खरा, त्याच्या दुप्पट जड. आणि शिकवलं मात्र माझं जुनंच. एक हात. तेच मनगट.

पोरीचा डावा हात आपोआप रॅकेटवर यायचा. लहान होती, जड वाटायचं. मग मी काय केलं — गिरणीतला एक टॉवेल आणला, कडेचा धागा सुटला म्हणून बाजूला काढलेला, आणि तिच्या डाव्या हातात दिला. म्हटलं, हा पाठीमागे धरायचा, पडू द्यायचा नाही. पडला की पुन्हा पहिल्यापासून शंभर. ती कधी कुरकुरली नाही. कुरकुरली असती तर — नाही, तरी मी ऐकलं नसतं. आमची ही एकदा दारातून म्हणाली, "वाद तुमचा, हात तिचा." तिला म्हटलं, तू भाताकडे बघ. सात वर्षं तो टॉवेल. पुढे टॉवेल नसला तरी ती डावी मूठ पाठीमागे मिटून धरायची. रस्त्यानं चालतानासुद्धा. मला त्याचं कौतुक वाटायचं.

अंतिम सामना मात्सुयामाला झाला. हे मी कुणाला सांगत नाही, आज का सांगतोय कोण जाणे. तिसरा सेट, चार-चार. समोरची पोर उंच चेंडू टाकत होती, बॅकहँडवर, खांद्याच्या वर. एका हाताला तो चेंडू जड जातो, आणि माझ्या त्या मनगटाला तर फारच. आणि एका चेंडूला — कानाएचा डावा हात वर आला. दोन हात. कुणी शिकवलं नव्हतं. चेंडू रेषेला लागून गेला, समोरची जागची हलली नाही. आवाज वेगळाच होता हो, कोरडा — चांगलं लाकूड एका घावात दुभंगतं ना, तसा. साठ वर्षं मी टेनिस बघतोय. टीव्हीवर सगळे बघितले. बोर्ग बघितला, तो सर्बियाचा जोकोविच बघितला. तसा बॅकहँड पुन्हा बघितला नाही.

तिनं कुंपणाकडे बघितलं. माझ्याकडे. हसत होती.

मी नाही म्हणून मान हलवली. एवढीच — अशी. कोनो शेजारी होता, त्यानं टाळी वाजवायला हात उचलले होते, ते खाली घेतले. तिनं मूठ पाठीमागे नेली, राहिलेले सगळे फटके एका हातानं मारले, आणि जिंकली. जिंकली हो. तेच तर. हरली असती तर मी घरी जाऊन विचार केला असता कदाचित. फोटोत बघा पुन्हा, ढाल डाव्या हातात धरलीय.

दोन महिन्यांनी उजवं मनगट गेलं. दोनदा चिरफाड. डॉक्टर चिडून म्हणाले, असा फटका शिकवला कुणी? मी खुर्चीवर बसलेलो, टोपी हातात. ती म्हणाली, "माझं मीच शिकले." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती बोलली ते मला वाचवायला, की माझं नावच नको म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता विचारायचं कुणाला? ती कोबेला असते. किटली उचलता येत नाही तिला त्या हातानं. मूल झालं तेव्हा आमची ही मदतीला गेली, ती तिकडेच राहिली. नवीन वर्षाचं कार्ड यायचं — जवळचं मला आता धड वाचता येत नाही, पण अक्षरं डाव्या हाताची आहेत हे दिसायचं, सगळी एकीकडे कललेली. यंदाच्या कार्डावर सगळं छापील आहे. एकही अक्षर हाताचं नाही.

कोनो? गेला तो, फेब्रुवारीत. त्या सामन्यानंतरही वाद घालायचा, पण माझ्यासाठी, हे मला ठाऊक होतं. इस्पितळात मला म्हणाला, "शेवटचं सांग शिगे, सगळ्यात चांगला बॅकहँड कुणाचा?" त्यानंही बघितला होता ना तो फटका, माझ्या शेजारून. एक नाव घ्यायचं होतं मला. तीन अक्षरं. मी म्हटलं, रोझवॉल. तो डोळे मिटून म्हणाला, "खोटारडा."

नाही, ती रॅकेट माझ्या हातात नका देऊ. भिंतीला टेकवून ठेवा. मुलीला इकडे बोलावूही नका. मी शिकवत नाही, मैदान झाडतो फक्त. खोका उचला — राग नाही, पण उचला. आणि — थांबा, ती बघतेय इकडे. कुंपणाकडे. तुमच्याकडे बघतेय ती, माझ्याकडे नाही. मान हलवू नका. ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही, काहीच नाही. बघू दे तिला.

हां. मारला बघा.

चला, उठा आता. मला ह्या बाजूला पाणी मारायचंय.