घरात रेंज येणारा फोन

आमच्या आईच्या फोनचं ऐका. घरात रेंज नाही म्हणून ती शिडी चढून मातीच्या धाब्यावर जायची आणि धुळ्याला दिलेल्या माझ्या बहिणीशी बोलायची. एखाद्या दिवशी पडेल, ही आम्हा नवरा-बायकोला धास्ती. शेवटी चाळीसगावहून बटणांचा फोन आणला. चार्जिंग भरपूर टिकतं, चुलीपाशीही आवाज खणखणीत.

दोनच दिवसांत आईनं तो माझ्या हातात ठेवला. "हाऊ फोन माले नको."

"का? रेंज नाही?"

"घरमाच येस ना! मंग सूननी गाऱ्हानी कोठे सांगू?"

भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "आई, गाऱ्हाणी सांगायची असली की मला हाक मारा, मी अंगणात जाऊन बसते. पण शिडी चढू नका."