सुनंदाकाकू टेम्पररी नव्हत्या

मंडळी, वसंतकाका, मला भाषण करता येत नाही. काउंटरवर उभं राहून भांडता येतं, आणि तेही सुनंदाकाकूंनीच शिकवलं. आज त्यांच्याच फोटोसमोर बोलायचं म्हणजे... थांबा हं जरा.

तुम्ही काकूंना मंडळाच्या कार्यक्रमांत पाहिलंत. मी त्यांना ऑफिसात पाहिलं. इथे परदेशात, सनीव्हेलजवळच्या आमच्या सरकारी ऑफिसात, ज्यांना इन्शुरन्स नाही त्यांना मेडिकल कार्डं मिळवून देतात. काकू तिथे कित्येक वर्षं होत्या. टेम्पररी! मीही टेम्पररीच.

आमचा नियम ऐका. टेम्पररी माणसाचे वर्षात ठरावीक तास भरले, की त्याला बेनिफिट्स, म्हणजे इन्शुरन्स वगैरे, द्यावे लागतात. चांगला नियम आहे. कोणाला कायम लटकत ठेवू नये म्हणून केलेला. मग ऑफिस काय करतं? तास भरत आले की ब्रेक देतं. काही आठवडे घरी बसा, परत या, मोजणी पहिल्यापासून! आणि पद्धत अशी, की ब्रेकवर जाणाऱ्यासाठी केक आणायचा. म्हणजे काकूंचा दर वर्षी सेंड-ऑफ. त्या केक कापायच्या आणि म्हणायच्या, "अगं मेधा, सासरी जाताना एकदाच निरोप मिळाला, इथे दर वर्षी मिळतो. खा, खा. महिन्याभरात परत हेच तोंड बघायचंय तुला." आम्ही हसायचो. कशाला हसायचो हो आम्ही?

वसंतकाका, तुमचा लेऑफ झाला आणि नोकरीबरोबर तुम्हा नवरा-बायकोचा इन्शुरन्सही गेला. दिवसभर दुसऱ्यांची कार्डं करणाऱ्या बाईकडे स्वतःचं कार्ड नाही! गरिबांच्या योजनेत बसायला पगार जरा जास्त, सरकारी विमा मिळायला नोकरी टेम्पररी. छातीत गाठ लागली, तेव्हा मी म्हटलं, "काकू, आत्ता चला, मी ड्राइव्ह करते." तर म्हणाल्या, "परमनंटची जागा निघतेय गं. ती मिळाली की दाखवते. आधीच आजार निघाला तर विमा कोण देईल?"

जागा निघाली. काकूंना मिळाली नाही. टेम्पररीची वर्षं सीनियॉरिटीत धरत नाहीत म्हणे.

आणि त्याच गाठीनं त्या गेल्या, तेव्हा ब्रेक चालू होता. म्हणून ऑफिसच्या बोर्डावर श्रद्धांजलीच्या दोन ओळीसुद्धा लागल्या नाहीत. "त्या दिवशी त्या एम्प्लॉयी नव्हत्या." वा रे वा! राग येतो मला. खूप राग येतो.

आमचे सुपरवायझर कुलकर्णी सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही आलात, बरं वाटलं. काकूंना तुम्ही कधी वाकडं बोलला नाहीत, तेही सांगते. पण परवा तुम्ही मला म्हणालात, "सुनंदावहिनींचं डेस्क तू घे. टेम्पररीवरच, पण घे." आणि मघाशी दारात म्हणालात, "जरा जपून बोल, तुझ्या नोकरीचं रिन्यूअल जवळ आलंय."

सर, नियम तुम्ही केला नाहीत, मान्य. पण ब्रेकच्या कागदावर सही तुमचीच असते ना?

मग सगळ्यांसमोर ऐका. त्या डेस्कवर मी टेम्पररी म्हणून बसणार नाही. ती जागा परमनंट करा, इन्शुरन्ससकट करा, आणि हवं त्याला द्या. मला नाही दिलीत तरी चालेल. सोमवारी मी युनियनकडे जाऊन हेच बोलणार आहे. भीती वाटते का? वाटते की! माझ्याही घराचे हप्ते आहेत. पण काकू वाट बघता बघता गेल्या. मी वाट बघणार नाही.

आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आहे. एक विनंती करते. आमच्या ऑफिसातले जे टेम्पररी इथे आले आहेत, त्यांनी आधी उठायचं. रेवती, ऊठ. जोशीकाका, तुम्हीसुद्धा. स्मिता, इकडेतिकडे बघू नकोस, ऊठ बाई.

सर, मान वर करा. बघा आमच्याकडे.

हं. आता बाकीच्यांनी उठा.