ड्युअलमध्ये एकच ओळ

(अकरावीची कॉम्प्युटर लॅब. बाकीचे गेलेत. मागे उरलेत मनोज सर, तेजल आणि तिची मैत्रीण साक्षी.)

तेजल : मार्क नकोत, सर. जर्नलवर तुम्ही लाल पेननं 'नक्कल' लिहिलंय, ते खोडा.

सर : मग हे 'ड्युअल' टेबल आलं कुठून? आपल्याकडे एकच टेबल आहे, 'विद्यार्थी'. कुठूनतरी उतरवलंस ना?

तेजल : डेटाबेसबरोबर आपोआप येतं ते. नाव ड्युअल, म्हणजे दुहेरी, पण आत ओळ एकच.

साक्षी : दोघांचं तिकीट काढून एकटीच बसलेली.

सर : साक्षी, बाहेर थांबतेस का?

साक्षी : गप्प बसते, सर.

तेजल : प्रश्न काय होता? 'nashik' मोठ्या अक्षरांत करा. त्यात विद्यार्थ्यांचा काय संबंध? कमांडमध्ये कुठलंतरी टेबल द्यावं लागतं म्हणून तुम्ही 'विद्यार्थी' देता, मग प्रत्येक ओळीला एकदा असं तेच उत्तर बेचाळीस वेळा येतं, कारण वर्गात आम्ही बेचाळीस जण.

सर : त्यातली पहिली ओळ उतरवायची. दरवर्षी बहुतेक सगळे तेच करतात.

तेजल : माझे पप्पा सातपूरला कारखान्यात लेथवर आहेत. नवीन टूल लावलं की आधी भंगारातल्या एका तुकड्यावर चालवून बघतात. गिऱ्हाइकाच्या मालावर नाही. ड्युअल म्हणजे तो तुकडा.

सर : बोलतेस छान. पण उत्तर दोन्हीकडे तेच ना?

तेजल : नाही. बसू मशीनवर?

साक्षी : तेजू, आपली द्वारका चौकाची बस जाईल.

तेजल : जाऊ दे.

सर : 'विद्यार्थी'ला हात लावायचा नाही हं.

तेजल : नाही लावत. नवीन टेबल बनवते, रिकामं. प्रवेश सुरू व्हायच्या आधी असतं तसं. झालं. आता तुमच्यासारखंच लिहिलंय, फक्त टेबल हे. एंटर तुम्ही मारा.

सर : काहीच नाही आलं.

तेजल : ओळच नाही, तर उत्तर येणार कशावर? आता ड्युअलवर मारा.

साक्षी : आलं. एकदाच.

सर : चौदा वर्षं शिकवतोय. रिकाम्या टेबलवर कधी चालवूनच पाहिलं नव्हतं.

तेजल : आता पाहिलंत. खोडा ना, सर.

सर : हे घे. खोडलं, बाजूला सही पण केली. मागच्या वर्षीच्या वर्गातल्या रूपालीनंही ड्युअल वापरलं होतं, तिच्या जर्नलवरही मी हेच लिहिलं. ती काही बोलली नाही.

तेजल : मग तिला फोन करा.

सर : आता?

साक्षी : नंबर आहे माझ्याकडे, सर.