निळा नळ

जयपूरच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसलेल्या अनुयाला पाठीमागून मराठी ऐकू आली. माहेरची हाक आल्यासारखं वाटून ती न वळता ऐकत राहिली.

“कुसुम, डॉक्टरांना सांग, शॉवरचा निळा नळ तू सोडलास.”

“अहो, सांगलीत निळा म्हणजे गार. मला काय ठाऊक, इथं मे महिन्यात गच्चीवरची टाकी चुलीवर ठेवल्यागत तापते?”

“शेजारीण म्हणाली होती, उन्हाळ्यात लाल नळाचं, घरातल्या बंद गिझरमधलंच पाणी गार.”

“विसरले. पण तुम्ही काय म्हणालात?”

“भाजलं.”

“कुठं?”

“डाव्या हाताला.”

“लकवा झाल्यापासून वर्षभर त्या हाताला सुई टोचलेली कळत नव्हती. मी नळ बंद करायला धावले, तर?”

“म्हटलं, राहू दे गं. अजून थोडं भाजू दे.”